आसाला पाच टन

रेणापूर गावाला रेल्वे नाही. तालुक्यात ती पानगावला आहे. परळी–विकाराबाद मार्गावरची ही लायन निजामाच्या रेल्वेनं टाकली आणि ती पहिल्यापासून मोठ्या रुळांची. दुसऱ्या अंगाला लातूर. तिथं १९११ पासून जवळजवळ शंभर वर्षं अडीच फुटी रुळांवरची बार्शी लाइट येत होती. लातूर–अंबाजोगाई रस्त्यावरच्या आमच्या गावाच्या दोन्ही हातांना अशा दोन वेगळ्या घराण्यांच्या गाड्या. पानगावची गाडी राजाची, लातूरची लंडनमध्ये नोंदलेल्या एका कंपनीची. दोघींची चाकं एकमेकींच्या रुळांवर कधी चढलीच नाहीत.

बार्शी लाइटबद्दल बोलायला बसलं की लोक तिच्या संथपणाचे किस्से सांगतात. चालत्या गाडीतून उतरून, शेतातला हरभरा उपटून, पुन्हा गाडी पकडल्याचा किस्सा तर जगातल्या प्रत्येक छोट्या लायनीच्या नावावर खपवला गेला आहे. तो इथं बाजूला ठेवू. कारण या गाडीच्या पोटात एक हिशेब होता. त्या हिशेबासाठी ती इंग्लंडातल्या इंजिनिअरांमध्ये नावाजली गेली आणि आमच्याकडं मात्र तो कुणी फारसा सांगितला नाही. हिशेब असा: गाडीच्या कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. इंजिन असो, मालाचा डबा असो, नाहीतर माणसांचा.

हा हिशेब मांडणारा माणूस एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप. जन्म १८५७ चा. १८८२ मध्ये तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेत इंजिन-तपासनीस म्हणून हिंदुस्थानात आला. तेव्हा जीआयपीची लायन बार्शीला बाजूला टाकून गेलेली होती. बार्शी ही कापसाची, गळिताच्या धान्यांची मोठी पेठ, पण तिचा माल स्टेशनावर न्यायचा तर बैलगाडीनं वीस-बावीस मैल कापावे लागत. स्टेशनाचं नाव ‘बार्शी रोड’. गाव कुर्डुवाडी. जिथं स्टेशनाच्या नावात ‘रोड’ येतो तिथून खरं गाव लांब असतं, हे लातूर रोडला उतरलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

बार्शी आणि बार्शी रोड जोडणारी एक स्वस्त पोटलायन टाकावी, ही कल्पना कॅल्थ्रॉपनं १८८० च्या दशकातच धरली. सरकारदरबारी वाटाघाटी लांबल्या. बार्शी लाइट रेल्वे कंपनी लंडनमध्ये नोंदली जायला १८९५ साल उजाडलं. मार्च १८९७ मध्ये पहिली गाडी बार्शीला पोचली.

‘स्वस्त’ या शब्दात सगळी मेख आहे. छोटी लायन म्हणजे मोठीची लहान प्रतिकृती, रूळ जवळ आणले की झालं, अशी त्या काळी अनेकांची समजूत होती. कॅल्थ्रॉपनं गणित उलट्या बाजूनं सोडवलं. रेल्वे टाकताना खर्चाचा मोठा वाटा जातो रुळांत, स्लीपरांत, पुलांत आणि भरावात. आणि रुळाला पूर्ण गाडीचं वजन एकदम कधीच कळत नाही. त्याला कळतो तो एका आसाखाली, त्या क्षणी, त्या जागी पडणारा भार. रेल्वेवाले याला आजही ‘एक्सल लोड’ म्हणतात. पालखी जड असली तरी खांदे वाढवले की एकेका खांद्याला ती जड होत नाही, तसंच हे. मग आधी रूळ ठरवायचा, हलका आणि स्वस्त, यार्डाला ३० पौंड वजनाचा. त्या रुळाला झेपेल एवढा भार ठरवायचा, आसाला पाच टन. आणि मग त्या मापात बसेल असं इंजिन आणि असे डबे बनवून घ्यायचे. बाकी ठिकाणी इंजिनाचा आस जड आणि डब्यांचे हलके असा प्रकार होता. म्हणजे रूळ मजबूत टाकायचा तो एकट्या इंजिनासाठी, आणि मागचे सगळे डबे त्या मजबुतीचा काही उपयोग न करता त्यावरून जाणार. कॅल्थ्रॉपला हा शुद्ध अपव्यय वाटायचा. मला तो बरोबर वाटतो.

इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीनं घडवली. चार जोडआसांवर आठ चालती चाकं, त्यांच्यामागं कोळसा-पाण्याचा भार पेलायला दोन आसांची छोटी बोगी. सहा आस, प्रत्येकावर पाच टन, म्हणजे सगळं मिळून तीस टनांच्या आत-बाहेर. यातली खुबी अशी की ओढायची ताकद येते चालत्या चाकांवरच्या भारातून. आठ चाकांवर वीस टन बसवल्यामुळं एवढ्याशा इंजिनालाही घाटाची चढण झेपली. पुढं लायन बार्शीहून येडशीकडं बालाघाटच्या डोंगरात चढली, तेव्हा हे उपयोगी पडलं.

डब्यांची गोष्ट तर याहून मजेची. ते लीड्स फोर्ज या कारखान्याचे. लोखंडी पट्ट्या आणि कोन जोडून सांगाडा बांधण्याऐवजी पोलादाचा पत्रा दाबयंत्रात घालून त्याला आकार द्यायचा, ही त्या कारखान्याची नवी रीत होती. सांगाडा हलका व्हायचा आणि मजबुतीही टिकायची. आता मांडा हिशेब. डब्याला चार आस, म्हणजे रुळावर एकूण भार वीस टनांपर्यंत चालेल. त्यातला डब्याचा स्वतःचा भार जितका कमी, तितकी कापसाची गाठडी जास्त. व्यापाऱ्याला भाडं मालाचं द्यायचं असतं, लोखंडाचं नाही. डब्यांचे सांगाडेही शक्य तितके एकाच मापाचे ठेवले, म्हणजे सुटे भाग एकमेकांना चालावेत. गाड्या बोटीनं इकडं पाठवण्याआधी कॅल्थ्रॉपनं लीड्सजवळ न्यूले इथं रूळ टाकून त्यांचं प्रदर्शनही भरवलं. इंजिनिअर आणि लष्करातले लोक ते बघायला आले. बार्शीच्या कापसासाठी घडवलेली गाडी यॉर्कशरमध्ये अशी चालवून दाखवली जात होती.

या घराण्याची एक शाखा इंग्लंडातही निघाली. स्टॅफर्डशरच्या डोंगरदरीतली लीक अँड मॅनिफोल्ड ही लायन १९०४ मध्ये सुरू झाली. रुंदी तीच अडीच फूट, इंजिनिअर कॅल्थ्रॉप, इंजिनं किटसनची, आणि पुढं बार्शीसारखेच मोठाले दिवे. त्या दऱ्याखोऱ्यांत एवढ्या दिव्यांची गरज होती की नाही, देव जाणे. त्यातल्या एका इंजिनाला कॅल्थ्रॉपचंच नाव दिलं होतं. ती लायन १९३४ मध्ये बंद पडली. बार्शीची बहीण तीस वर्षांत गेली, थोरली मात्र शतक गाठायला निघाली होती. कॅल्थ्रॉप स्वतः पुढं विमानांच्या नादाला लागला आणि ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री त्यानं बनवली. १९२७ मध्ये तो वारला. त्याच वर्षी बार्शी लाइट मिरजेला पोचली.

मधली वाढ थोडक्यात अशी. १९०६ ला कुर्डुवाडीहून पंढरपूर. बार्शीच्या पुढं तडवळे आणि मग १९११ ला लातूर, म्हणजे निजामाच्या मुलखात. १९२७ ला पंढरपूर ते मिरज. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर लायन. लातूरच्या पेठेचं नशीब या गाडीनं उघडलं, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. गाडी १९११ मध्ये आली आणि गंजगोलाईची, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेची, आखणी १९१७ ची. गोलाईला चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते बघितले की कळतं, हे गाव माल येणार आणि माल जाणार या भरवशावर आखलं गेलंय. रेणापूर भागातली तूर, ज्वारी, कापूस बैलगाडीनं लातूरला जायचा. तिथून पुढं त्याची जबाबदारी पाच टनी आसांची.

पण कॅल्थ्रॉपचं गणित एका ठिकाणी अडायचं. कुर्डुवाडीला अडीच फुटी डब्यातला माल साडेपाच फुटी डब्यात चढवावा लागे. तिथं हमालाची पाठ लागे. मिरजेला तर एका काळी अडीच फुटी, मीटर आणि साडेपाच फुटी अशा तिन्ही मापांचे रूळ एकत्र येत होते. छोट्या लायनीचे कितीही गोडवे गायले, तरी माल दोनदा चढवायचा-उतरवायचा खर्च, त्यातली सांडलवंड आणि उशीर तिच्या खात्यात लिहावाच लागतो. जुन्या गाडीच्या आठवणींनी गहिवरणारे लोक हे खातं सहसा उघडत नाहीत.

पंढरपूरच्या यात्रेतही गणिताची परीक्षा व्हायची. आषाढीला गाड्या कमी आणि माणसं अमाप, मग टपावरही माणसं. सोळा-सतरा माणसं मिळून एक टन होतो. एका डब्यावर शंभर माणसं जास्तीची चढली, तर चार आसांवर मिळून सहा टन, म्हणजे एकेका आसावर दीड टन वाढला. लायन त्यातूनही चालत राहिली. वारकऱ्यांनी त्याचं श्रेय विठ्ठलाला दिलं. लीड्सच्या दाबलेल्या पोलादालाही थोडं द्यायला हरकत नाही.

१९५४ मध्ये सरकारनं लायन ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेत गेली. नेमक्या याच दशकात इंग्लंडमध्ये आडवळणाच्या लायनी वाचवायला एक वेगळी गाडी पुढं आली. तिच्यात इंजिन वेगळं नव्हतंच. डब्याच्या फरशीखाली बसला बसवतात तशी दीड-दीडशे अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिनं टांगायची आणि डबा स्वतःच चालायचा. त्यातला ‘क्लास १०१’ १९५६ पासून बनू लागला आणि त्यातले शेवटचे डबे २००३ च्या नाताळापर्यंत धावले. म्हणजे जवळपास सत्तेचाळीस वर्षं. ही गाडी इतकी का टिकली, याचं उत्तर मला कॅल्थ्रॉपच्याच वहीत सापडतं. भार एका जागी गोळा करायचा नाही. इंजिनाचा भार डब्याखाली वाटून टाकला की आस हलके राहतात, रूळ कमी झिजतो, आणि टोकाच्या स्टेशनावर इंजिन सोडून दुसऱ्या बाजूला नेऊन जोडायची कटकटही संपते.

आपल्या छोट्या लायनीवर हा मार्ग घेतला गेला नाही. वाफेच्या इंजिनांच्या जागी झेडडीएम डिझेल इंजिनं आली आणि जुनेच डबे ओढत राहिली. माझ्या मते इथं एक संधी हुकली. पण रेल्वेचं मन तोवर दुसरीकडं वळलं होतं. सगळ्या देशात एकच रुंदी. कुर्डुवाडी–पंढरपूर तुकडा आधी मोठा झाला, मग २००७-०८ च्या सुमारास लातूर–कुर्डुवाडी, शेवटी पंढरपूर–मिरज. नवी लायन उस्मानाबादला स्पर्श करून गेली. जुनी त्या जिल्ह्याच्या गावाला बाजूला टाकून येडशीवरूनच जायची. कुर्डुवाडीच्या कारखान्यातली छोट्या गाड्यांची हातोटी मात्र वाया गेली नाही. माथेरानच्या दोन फुटी गाडीची इंजिनं आणि डबे दुरुस्तीला तिथं येऊ लागले.

मोठ्या लायनीचा पहिला मोठा हिशेब लातूरनं एप्रिल २०१६ मध्ये मांडला. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मिरजेहून पाण्याची गाडी निघाली आणि १२ एप्रिलला लातूरला पोचली. दहा टाक्यांत पाच लाख लिटर. पुढं पन्नास टाक्यांच्या गाडीतून एका खेपेला पंचवीस लाख लिटर येऊ लागलं. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर ही वाट बहुतांशी बार्शी लाइटचीच. आता विचार करा, एका टाकीत पन्नास टन नुसतं पाणी. टाकीचं स्वतःचं वजन धरलं तर आसाला वीस टनांच्या घरात भार जातो. कॅल्थ्रॉपच्या पूर्ण भरलेल्या एका डब्याचा सगळा भार इथं एका आसावर. तीस पौंडी रुळानं ही गाडी उचललीच नसती. जुन्या लायनीबद्दल मला कितीही माया असली, तरी त्या उन्हाळ्यात मोठ्या रुळांना पर्याय नव्हता.

आणि आता हरंगुळ. लातूर–कुर्डुवाडी लायनीवरच्या या स्टेशनाजवळ मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली, पहिल्या डब्याचं कवच डिसेंबर २०२० मध्ये तयार झालं. २०२३ मध्ये भारतीय आणि रशियन भागीदारीतल्या कंपनीशी वंदे भारत शयनयान गाड्यांचा करार झाला: १६ डब्यांच्या १२० गाड्या. वंदे भारतलाही वेगळं इंजिन नाही. निम्म्या डब्यांच्या बोग्यांत विजेच्या मोटारी बसवलेल्या, ओढ पूर्ण गाडीभर वाटलेली. डिझेलच्या जागी वीज आली, फरशीखालची इंजिनं जाऊन मोटारी आल्या, पण कूळ त्या ‘क्लास १०१’ चंच. लातूर, रेणापूर, औश्याच्या पोरांना मात्र यातल्या आसांपेक्षा कारखान्यात स्थानिकांना किती जागा मिळणार यात जास्त रस आहे. तो असायलाच हवा, कारण कारखान्याला जमीन लातूरची गेली आहे, आणि आयटीआयचा फिटर-वेल्डरचा कोर्स करून घरी बसलेली मुलं आमच्याकडं कमी नाहीत.