किती वर्षांनी मोठा?

आठवीतल्या मुलीला कुणी आवडायला लागलं की मैत्रिणींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती वर्षांनी मोठा? एखाद-दोन वर्षं चालतात. चार म्हटलं की भुवया वर जातात. मुलगा कॉलेजातला निघाला, तर एखादी शहाणी विचारतेच, ‘त्याला त्याच्या वयाचं कुणी भेटत नाही का?’

हा प्रश्न पडायला दोन गोष्टी लागतात. वयानुसार भरलेले वर्ग, आणि चौदा वर्षांची, लग्न न झालेली मुलगी. दीडशे वर्षांपूर्वी आपल्याकडच्या पांढरपेशा घरांत दोन्ही दुर्मीळ होत्या.

कल्याणची यमुना जोशी १८६५ सालची. १८७४ मध्ये, नवव्या वर्षी, तिचं लग्न झालं आणि ती आनंदी झाली. नवरा गोपाळराव पोस्टात कारकून, बिजवर, जवळपास वीस वर्षांनी मोठे. नुसती वजाबाकी इथे फसवते. चाळीस आणि साठ यांच्यातही वीसचंच अंतर असतं. पण नऊ वर्षांच्या मुलीसमोरचा माणूस तिच्या तिप्पट वयाचा असतो. तिच्याच घरात तोच नवरा, तोच मास्तर, तोच पालक.

गोपाळरावांनी तिला हट्टाने शिकवलं, हे आपण कौतुकाने सांगतो, आणि ते खरंच आहे. पण पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी त्यांना लहानपणीच्या माराची आठवण करून दिली : दहाव्या वर्षी लाकडाचे फटके, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या. त्या वयात आणि त्या नात्यात उलट बोलायची सोयच नव्हती. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. कुणावर क्रश असण्याचं वय त्यांच्या वाट्याला आलंच नाही.

मैत्रीण मात्र मिळाली, तीही वयाने बरीच मोठी. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या संसारी बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे थांबलेल्या असताना मिशनऱ्यांच्या मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि १८८० मध्ये आनंदीला स्वतःहून लिहिलं. आनंदी तेव्हा पंधराच्या आसपास. समुद्रापार पत्रं सुरू झाली, कार्पेंटरबाई मावशी झाल्या. १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या, त्या याच मावशीकडे. इथेही अंतर मोठंच होतं. पण ही मैत्रीण चिडून खुर्ची फेकणारी नव्हती, आणि पत्राला उत्तर द्यायचं की नाही, हे आनंदीच्या हातात होतं.

कायद्याने मात्र अंतर मोजलं नाही, फक्त किमान वय मोजलं. १८९१ मध्ये मुलींचं संमतिवय दहावरून बारा झालं, तेव्हा टिळकांनी विरोध केला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींसाठी लग्नाचं वय चौदा ठरवलं, १९७८ मध्ये ते अठरा झालं. आजच्या पॉक्सोलाही सतरा-अठराची जोडी आणि सतरा-चाळीसची जोडी यांतला फरक कळत नाही. शाळेतल्या मैत्रिणींना तो कळतो.

फिलाडेल्फियातल्या मेडिकल कॉलेजचा १८८५ सालचा एक फोटो नेटवर सहज सापडतो. तीन विद्यार्थिनी, आपापल्या देशाच्या पोशाखात. जपानची केई ओकामी आनंदीबाईंपेक्षा सहा वर्षांनी मोठी. सीरियाची सबात इस्लांबुली बहुधा थोडी लहान. मध्ये-कडेला कोण, हे न वाचता त्यांतली मोठी कोण ते ओळखून पाहा.