तृतीयपंथीयांची अन्नविवंचना : जळगाव व धुळे

खानदेशातील जळगाव व धुळे या जिल्ह्यांत तृतीयपंथीयांना भेडसावणारी नियमित अन्नाची अशाश्वती. तापीकाठच्या काळ्या जमिनीत ज्वारी उदंड पिकत असताही ही अशाश्वती टिकून राहते, याचे कारण शेतीपेक्षा शिधावाटपाच्या रचनेत शोधणे इष्ट होय. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा 5 किलो, तर अंत्योदय कुटुंबास एकत्रित 35 किलो धान्य देय असते. परंतु शिधापत्रिकेचा पाया कुटुंब हाच असल्याने, पौगंडावस्थेतच घरातून बाहेर पडलेल्या व्यक्तीचे नाव एक तर गावच्या पत्रिकेवर निरुपयोगी पडून राहते, अथवा कमी केले जाते. तृतीयपंथीयांच्या घरातील गुरू आणि त्यांचे शिष्य, म्हणजे चेले, एका चुलीवर जेवत असले, तरी रक्त व विवाह यांवाचून अन्य नाते तहसील कचेरीतील पुरवठा शाखेच्या कामकाजात सहजी सामावत नाही. शिवाय प्राधान्य गटासाठी ग्रामीण भागात 44,000 आणि शहरी भागात 59,000 रुपयांची वार्षिक उत्पन्नमर्यादा आहे; बधाई (शुभप्रसंगी मिळणारी बिदागी) व मंगती (भिक्षा) यांवर गुजराण करणाऱ्याने उत्पन्नाचा दाखला कोणत्या आधारावर मिळवावा, हा प्रश्नच आहे.

ही मंगती एके काळी हक्काची होती : मराठेशाहीत दख्खनच्या काही भागांत हिजड्यांना इनाम जमिनी, रोख नेमणुका आणि गावोगाव भिक्षा मागण्याचे हक्क सनदेने मिळालेले होते. एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारने हे हक्क पुढे चालविण्यास नकार दिला. भिक्षेचा हक्क गेला, भिक्षा राहिली, आणि पुढे रेल्वेच्या डब्यातील भिक्षा तर दंडनीय अपराध ठरली.

मार्च 2020 मध्ये करोनाच्या टाळेबंदीमुळे प्रवासी गाड्या थांबल्या व लग्नसमारंभ थंडावले, तेव्हा भुसावळसारख्या जंक्शनावर पोट अवलंबून असणाऱ्यांची आवक एकाएकी बंद पडली. केंद्र शासनाने तृतीयपंथीयांना 1,500 रुपयांचे साहाय्य जाहीर केले. राज्याची दहा रुपयांची शिवभोजन थाळी त्या काळात पाच रुपयांस, आणि एप्रिल 2021 पासून काही काळ विनामूल्य मिळाली. थाळीस पत्रिका लागत नाही, हा तिचा मोठाच गुण म्हटला पाहिजे.

पत्रिकेवर न मावणाऱ्या नात्याची नोंद अन्यत्र मात्र झालेली आहे. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक येथील ग्रामपंचायत निवडणुकीत स्त्री-राखीव जागेसाठी भरलेला एका तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज फेटाळला गेला असता, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये स्वनिर्धारित लिंगओळख ग्राह्य धरून तो स्वीकारण्यास फर्माविले, व त्या निवडूनही आल्या. या प्रकरणाच्या शीर्षकात अर्जदाराची नोंद ‘अंजली गुरू संजना जान’ अशी आहे. म्हणजे गुरू-चेल्याचे जे नाते शिधापत्रिकेवर अवघडून बसते, ते न्यायालयाच्या दप्तरी यथास्थित दाखल झालेले दिसते.