अर्भकमृत्यूंची नोंदवही

बेंगळूरच्या पूर्वेस, कोलारच्या वाटेवर, होसकोटे हे गाव आहे. इतिहास वाचणाऱ्या मराठी माणसाला हे नाव परके नाही. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बेंगळूर आणि कोलार यांच्याबरोबर होसकोट्याचाही समावेश होता. १७६१ मध्ये बसालतजंगाने येथील किल्ल्यास वेढा घातला असता हैदरअली त्याला येऊन मिळाला. आणि १७६८ मध्ये याच हैदराने होसकोट्याजवळ मुरारराव घोरपडे यांच्या छावणीवर रात्री छापा घातला. वेढा कोणी घातला, किल्ला कोणाच्या हाती गेला, हे सर्व आपल्याला ठाऊक आहे. परंतु त्याच वर्षांत त्याच गावात किती मुले जन्मास आली, त्यांतील किती पाळण्यातच गेली, आणि गेलेल्यांपैकी किती रोगाने व किती माणसाच्या हाताने किंवा हेळसांडीने गेली, या प्रश्नाला युद्धांच्या इतिहासात स्थान नाही. होसकोट्याची गोष्ट तीच पुण्याची, तीच सुरतेची. अर्भकाला वाचा नसते. त्याच्या मृत्यूची साक्ष देणारी माणसे बहुधा त्याच घरातली असतात, आणि ती तोंड उघडत नाहीत. म्हणूनच असा मृत्यू कागदावर कसा आला, कोणी आणला आणि कोणत्या हेतूने आणला, हा इतिहासाचा एक स्वतंत्र आणि गंभीर विषय होतो.

या नोंदीचा आरंभ राज्यकर्त्यांच्या दफ्तरात झाला. १७८९ मध्ये बनारसचा रेसिडेंट जोनाथन डंकन याला जौनपूरकडील राजकुमार राजपुतांत नवजात मुली मारण्याची चाल असल्याचे आढळले. पुढे हाच डंकन मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्या कारकिर्दीत, १८०८ मध्ये, बडोद्याचा रेसिडेंट कर्नल वॉकर याने काठेवाडातील जाडेजा सरदारांकडून मुली न मारण्याचे करार लिहून घेतले. मुलीला ‘दूधपीती’ करणे हा त्या प्रांतातला शब्द. शब्द दुधाचा, अर्थ मात्र मरणाचा. करार झाले; पण ते पाळले जातात की नाही हे पाहावयाचे तर घरोघरच्या मुलींची मोजणी करणे प्राप्त होते. अशा मोजण्या पुढे झाल्या, दंड बसविण्यात आले आणि दंडाच्या रकमांतून निधीही उभारला गेला. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत शिकलेले भाऊ दाजी लाड यांनी तरुणपणीच या चालीवर निबंध लिहिला. तो १८४७ मध्ये छापून प्रसिद्ध झाला. पुढे वैद्य आणि प्राच्यविद्यापंडित म्हणून नावाजलेल्या या पुरुषाची लेखणी प्रथम या विषयाकडे वळली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १८७० मध्ये कन्याहत्या-प्रतिबंधक कायदा झाला. जेथे संशय असेल तेथील कुटुंबांतील जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला.

या नोंदींचे मोल मोठे होते. तथापि त्यांची मर्यादाही उघड होती. संशय ठरावीक जातींवर असे, म्हणून मोजणीही त्यांचीच होई. इतर घरे निर्दोष ठरत, ती केवळ कोणी पाहावयास जात नसे म्हणून.

महाराष्ट्रातील उच्चवर्णीय घरांत वेगळ्याच कारणाने अर्भके मरत होती. तेथे मूल मुलगी म्हणून मरत नसे. त्याची आई विधवा म्हणून ते मरत असे. बालपणीच विधवा झालेल्या स्त्रीस पुनर्विवाहाची वाट बंद होती आणि घरातल्या पुरुषापासून संरक्षण नव्हते. तिला दिवस गेले की कलंक तिचा एकटीचा. मूल विहिरीत, उकिरड्यावर किंवा नदीच्या पात्रात सापडे, आणि तेथून न्यायालयाची लेखणी चालू लागे. १८६० च्या दंडसंहितेत अर्भक टाकून देणे आणि प्रेत गुपचूप पुरून जन्म लपविणे यांसाठी स्वतंत्र कलमे होती. मूल जिवंत जन्मले होते की मृत, हे ठरविण्यासाठी वैद्य त्याचे फुप्फुस पाण्यात टाकून ते तरंगते की बुडते हे पाहत. परीक्षा पुरती भरवशाची नव्हती. परंतु आईचे भवितव्य तिच्यावर अवलंबून राही. खटल्याच्या कागदांत आईचे नाव येई, गाव येई, शिक्षा येई. पित्याची जागा रिकामी राही, आणि मुलाला तर नावच नसे.

पुण्यातील काशीबाईचे प्रकरण असेच होते. जोतीराव फुले यांच्या एका ब्राह्मण स्नेह्याच्या घरी ही तरुण विधवा स्वयंपाकास होती. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. गर्भ पाडण्यासाठी तिने विषारी औषधे घेतली, ती लागू पडली नाहीत. मुलगा झाला. शास्त्र्याने पाठ फिरविली, आणि अब्रूच्या भीतीने तिने त्या मुलाला मारून घरामागच्या विहिरीत टाकले. तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. न्यायालयाच्या दृष्टीने प्रकरण मिटले.

जोतीरावांच्या दृष्टीने ते तेथे सुरू झाले. १८६३ मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घराच्या आवारातच बालहत्या-प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी येथे येऊन गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावे, अशा आशयाची छापील पत्रके ब्राह्मणवस्तीतील रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चिकटविण्यात आली. बाळंतपणे सावित्रीबाई करीत. याच गृहात जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलास या दांपत्याने दत्तक घेतले. तोच यशवंत, जो पुढे डॉक्टर झाला.

या कार्याचा गौरव अनेकदा होतो. त्यातील एका गोष्टीकडे मात्र लक्ष कमी जाते. ४ डिसेंबर १८८४ रोजी बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर मत देताना जोतीरावांनी आपल्या गृहाचा हिशेब मांडला आहे. तोपर्यंत ३५ गर्भवती विधवा येथे येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जिवंत होती. ३० दगावली होती. कारणही त्यांनी लिहून ठेवले: गर्भ लपविण्यासाठी मातांनी आधीच घेतलेल्या विषारी औषधांनी मुलांना पोटातच इजा झाली होती.

आपल्या संस्थेची कीर्ती वाढवू इच्छिणाऱ्याने असा आकडा लिहिला नसता. पाच वाचले एवढेच सांगून तो थांबला असता. जोतीरावांनी तीस मृत्यू लिहिले, आणि ते लिहिताना बोट आईकडे न करता तिला विषाच्या वाटीपर्यंत ढकलणाऱ्या रूढीकडे केले. न्यायालयाची नोंद ‘हे कोणी केले?’ एवढेच विचारीत होती. ही नोंद ‘हे मूल का मेले आणि पुढचे कसे वाचेल?’ असे विचारीत होती. दोन नोंदवह्यांतला फरक तो हाच.

हा विचार एकट्या पुण्यापुरता राहिला नाही. १८७५ मध्ये पंढरपूर येथे न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने टाकलेल्या मुलांसाठी बालकाश्रम निघाला. ज्या क्षेत्री यात्रेच्या गर्दीत अर्भके सोडून दिली जात, तेथेच त्यांना छप्पर मिळाले. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी या विधवेस मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी टीका झाली तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. खटल्याच्या कागदात कोरी राहिलेली पुरुषाची जागा त्यांनी भरून काढली.

वैद्यकाने मात्र फार काळ मौन पाळले. १८६० मध्ये पॅरिसच्या आंब्र्वाझ तार्दिये या न्यायवैद्यकाने घरच्यांच्या छळास बळी पडलेल्या ३२ मुलांची प्रकरणे प्रसिद्ध केली; त्यांतील १८ मेली होती. त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. एक शतक लोटल्यावर, १९६२ मध्ये, अमेरिकेत डॉ. हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७१ रुग्णालयांतील एका वर्षाची माहिती मांडली: ३०२ मुलांना मारहाण, ३३ मृत्यू आणि ८५ जणांच्या मेंदूस कायमची इजा. पुरावा तोपर्यंत नव्हता असे नाही. मोडलेली हाडे क्ष-किरणांच्या चित्रांत दिसत होती. आईबाप असे करतील हे मानावयास डॉक्टरांचे मन तयार नव्हते.

मारहाणीची खूण निदान शरीरावर उमटते. हेळसांडीची खूण तशी उमटत नाही. मुलीला दूध कमी मिळणे, तिच्या तापाकडे उशिरा लक्ष जाणे, दवाखाना दूर म्हणून नवजात मूल घरीच ठेवणे, या गोष्टी मृत्यूच्या दाखल्यावर येत नाहीत. १९६९ च्या कायद्याने जन्ममृत्यूची नोंद देशभर सक्तीची झाली, तरी खेड्यात आठ दिवसांचे मूल गेले तर ते पुष्कळदा नोंदवहीपर्यंत पोहोचत नसे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहून घेतला. ज्यांनी लिहिले त्यांनीच मुलाचे वजन केले, त्याला ऊब दिली, औषध दिले. ३९ गावांतील या प्रयोगात नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ मध्ये जगापुढे आले. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रातील किती बालमृत्यू सरकारी आकड्यांच्या बाहेर राहतात हे दाखवून दिले. त्याच वर्षीच्या शिरगणतीत राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८९४ झाल्या. न जन्मलेल्या मुलीही नोंदवहीत अशा रिकाम्या जागेने दिसतात.

२०१२ च्या एप्रिल महिन्यात, होसकोट्यापासून फार दूर नसलेल्या बेंगळूर शहरातील रुग्णालयात तीन महिन्यांची एक मुलगी जखमांनी मरण पावली. मुलगा हवा होता म्हणून पित्यानेच तिला मारल्याचा आरोप होता. देशभर हळहळ झाली. हळहळ चार दिवसांची असते, नोंद टिकते. परंतु ती नोंद अपराध्याच्या नावापाशी थांबता कामा नये. मुलीच्या अंगावरचा पहिला वळ कोणी पाहिला, पाहून कोण गप्प राहिले, कोणत्या दारी तिच्या आईने मदत मागावयास हवी होती, हेही तिच्यात लिहिले पाहिजे. पुण्याच्या त्या घरात पस्तीस बाळंतपणांचा हिशेब ठेवणाऱ्या दांपत्याने हीच रीत घालून दिली. तिच्यामुळे गेलेली तीस मुले परत आली नाहीत. पण ती का गेली हे आज सांगता येते, आणि पुढचे मूल वाचविण्याची सुरुवात तेथूनच होते.