‘हॅव बीन’ची सहाशे वर्षे

परदेशात नवा शेजारी पहिल्या-दुसऱ्या भेटीत विचारतोच : तुम्ही इथे किती वर्षे राहताय? आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडून उत्तर येते, ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स.’ शेजारी काही बोलत नाही. इथल्या शाळेत जाणारी आपली मुले मात्र बोलतात, ‘बाबा, असं नाही म्हणत!’ काहीतरी चुकले हे बाबांना कळते, पण का चुकले हे मुलांनाही सांगता येत नाही. त्या ‘का’चे उत्तर नियमांपेक्षा इतिहासात अधिक सापडते.

आधी नियम पाहू. शाळेत आपण ज्याला चालू पूर्ण वर्तमानकाळ म्हणायचो, त्याचे तीन तुकडे असतात : हॅव किंवा हॅज, मग बीन, मग ‘आयएनजी’ लावलेले क्रियापद. मागे कधीतरी सुरू झालेली आणि अजून चालू असलेली, किंवा नुकतीच थांबलेली क्रिया त्यातून सांगतात. काळाची लांबी सांगायची तर ‘फॉर’, सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’. म्हणजे फॉर टेन इयर्स, पण सिन्स 2014. मराठीत ‘दहा वर्षांपासून’ आणि ‘2014 पासून’ दोन्हीकडे ‘पासून’ चालते, म्हणून आपला ‘सिन्स’ही दोन्हीकडे जाऊन बसतो.

हे तीन तुकडे एकत्र यायला काही शतके लागली. जुन्या इंग्रजीत ‘हॅव’चा अर्थ जवळ असणे हा होता. ‘माझ्याजवळ लिहिलेले पत्र आहे’ अशा धर्तीच्या वाक्यांतून हळूहळू ‘मी पत्र लिहिले आहे’ हा अर्थ घडला. दुसरीकडे ‘असणे’ या क्रियापदाला जोडून चालू क्रिया सांगणारे एक रूप होते. त्याचा शेवट तेव्हा ‘एन्डे’ असा होई, मध्ययुगात त्या जागी ‘इंग’ आले. चौदाव्या शतकात या दोन वाटा एकमेकींना मिळालेल्या दिसतात. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या नाइटच्या कथेत काळे कपडे घातलेल्या विधवा थीसियसला वाटेत गाठतात आणि सांगतात की देवळापाशी आम्ही पंधरवडाभर तुमची वाट पाहत आहोत. तिथले क्रियापद आजच्या ‘हॅव बीन वेटिंग’चेच जुने रूप आहे.

पण एखादे रूप भाषेत असणे वेगळे आणि त्याची सक्ती होणे वेगळे. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. धाकटा दूर देशी जातो, थोरला घरीच राबतो. धाकटा परतल्यावर मेजवानी होते, तेव्हा थोरला चिडून बापाला ऐकवतो की इतकी वर्षे मी तुमची चाकरी करतोय. मूळ ग्रीकमध्ये हे क्रियापद वर्तमानकाळात आहे आणि 1611 च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात ते साध्या वर्तमानकाळातच ठेवले आहे. आजच्या ‘न्यू इंटरनॅशनल व्हर्जन’मध्ये मात्र त्याच जागी ‘हॅव बीन’चे रूप दिसते. शेक्सपिअरच्या हयातीत भाषांतरकारांना जे चालले, ते बाबांना चालत नाही.

मधल्या काळात इंग्रजी बदलली. चालू काळाची रूपे फोफावली ती विशेषतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत. ‘घर बांधले जात आहे’ यासाठी पूर्वी ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘इज बीइंग बिल्ट’ पुढे आले, तेव्हा ते अनेकांना बेढब वाटले. एकोणिसाव्या शतकात रिचर्ड ग्रँट व्हाइटसारख्या अमेरिकन भाषापंडिताने त्याविरुद्ध हिरिरीने लिहिले. आज तेच रूप शाळेत शिकवतात. मुंबई इलाख्यातले आपले पूर्वज इंग्रजी शाळेत जाऊ लागले तेही याच शतकात. त्यांच्या हाती आलेले नियम त्यांना कायमचे वाटले असतील, पण त्यांतले काही तेव्हा नवेकोरे होते.

शिवाय या बाबतीत इंग्रजी शेजाऱ्यांपेक्षा वेगळी आहे. जर्मन किंवा फ्रेंच माणूस ‘मी इथे दहा वर्षांपासून राहतो’ हे आपल्यासारखेच वर्तमानकाळात सांगतो. क्रिया आज चालू आहे ना, मग वर्तमानकाळ! बाबांचा तर्क यात कुठेही चुकलेला नाही. इंग्रजीने कालांतराने दुसरा हिशेब पत्करला, एवढेच. त्या हिशेबात सुरुवातही मोजायची आणि आजही.

असा हिशेब मराठीला येत नाही असे मात्र नाही. ‘आम्ही पिढ्यानपिढ्या ही शेती करत आलो आहोत’ हे वाक्य घ्या. क्रिया मागे सुरू झाली, चालत आली आणि आजपर्यंत पोचली. इंग्रजीने हे काम ‘असणे’कडे दिले, मराठीने ‘येणे’कडे. फरक इतकाच की मराठीत ते ऐच्छिक आहे आणि त्याला सातत्याचे वजन आहे. दहा मिनिटे बसची वाट पाहणारा कुणी ‘मी वाट पाहत आलो आहे’ म्हणणार नाही. इंग्रजीत मात्र बससाठीही ‘हॅव बीन’ लागते.

इंग्रजीत निवड करावी लागते ती दुसऱ्या ठिकाणी. ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर’ आणि ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर’ दोन्ही बरोबर आहेत, पण दुसऱ्यात पुष्कळदा तात्पुरतेपणाची छटा असते, अजून कायमचे ठरलेले नाही अशी. शेजाऱ्याला यांतले कोणते सांगायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

आता मुलांकडे वळू. त्यांच्यातला एखादा भारतात आजीला फोनवर सांगतो, ‘मी दहा वर्षं इथे राहिलो आहे.’ आजी विचारते, ‘मग आता कुठे जाणार रे?’ इंग्रजी साचा मराठीत ओतला की चालू असलेले राहणे संपल्यासारखे ऐकू येते. चूक तीच, फक्त उलट्या दिशेने झालेली. तेव्हा बाबांनी त्याला हसू नये. ‘राहतोय’ म्हणायला सांगावे आणि का, तेही सांगावे.