कीबोर्ड चालतो, पण मराठी उमटत नाही : जुन्या संगणकांवरील देवनागरी टंकनाचा इतिहास

भिलाईच्या सेक्टर २ मधील एखाद्या क्वार्टरमध्ये २००३-०४ च्या सुमाराला घेतलेला संगणक अजून चालू स्थितीत आहे, असे समजा. घर मूळचे भंडारा जिल्ह्यातले, आडनाव कऱ्हाडे. गावाकडच्या शेतजमिनीवर वारस नोंद करण्यासाठी तलाठ्याकडे मराठीत अर्ज द्यायचा आहे. वर्ड उघडले, मराठी फॉन्ट निवडला आणि पहिला शब्द ‘मराठी’ऐवजी ‘म्राठी’ उमटला. ‘स्थान’ लिहिताना थ नाहीसा होऊन भलतीकडेच वेलांटी आली. आडनावातला ऱ्हा तर कुठल्याच कळेवर सापडेना. घरातले सगळे म्हणतात, कीबोर्ड खराब झाला. बहुतेक वेळा तो खराब झालेला नसतो. बिघाड कुठे आहे हे समजायला थोडा इतिहास माहीत असावा लागतो.

भिलाई हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतात होता आणि तेथे हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. राज्य पुनर्रचनेनंतर तो मध्य प्रदेशात गेला आणि १ नोव्हेंबर २००० पासून छत्तीसगडमध्ये आहे. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले आणि देशाच्या सर्व भागांतून आलेली माणसे या सेक्टरांत राहू लागली. लिपी एकच, भाषा दोन, ही इथली जुनी परिस्थिती आहे. ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक १९०० मध्ये पेंड्र्याहून काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषक होते आणि पुढे टिळकांच्या ‘गीतारहस्या’चे हिंदी भाषांतर त्यांनीच केले. पण हाताने लिहिताना न जाणवणारा हिंदी-मराठीतला लहानसा फरक यंत्रावर मात्र मोठा होतो.

सुरुवात टंकलेखकापासून करू. भारतात टंकलेखक बनवण्यास गोदरेजने १९५५ मध्ये प्रारंभ केला. त्याआधी रेमिंग्टनसारख्या परदेशी कंपन्यांची यंत्रे होती. इंग्रजीसाठी घडलेल्या यंत्रावर पंचेचाळीसच्या आसपास कळा, म्हणजे शिफ्टसह नव्वदच्या घरात चिन्हे. देवनागरीचे स्वर, व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे एवढ्यात बसत नाहीत. यावर काढलेला तोडगा हुशारीचा होता. अनेक व्यंजनांचे फक्त अर्धे रूप कळेवर ठेवायचे आणि त्याला काना जोडून अक्षर पूर्ण करायचे. अर्धा भ आणि काना मिळून भ. आणखी एक काना दिला की भा. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी दाबायची. यंत्राला भाषा कळत नव्हती, फक्त आकार आणि त्यांची जागा कळत होती. हजारो टंकलेखकांच्या बोटांना हीच सवय लागली.

संगणक आल्यावर दोन वाटा फुटल्या. पहिली वाट प्रमाणीकरणाची. आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे व सहकाऱ्यांनी विकसित केलेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) वाढले. संगणकात एक जादा कार्ड बसवले की डॉसवरच्या वर्डस्टारसारख्या प्रोग्राममध्येही भारतीय लिपी दिसू लागे. याच काळात इनस्क्रिप्ट ही कळरचना ठरली : डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला व्यंजने, आणि सर्व भारतीय भाषांना एकच मांडणी. इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच आणि तिच्यातील देवनागरीचा आराखडा इस्कीच्या १९८८ च्या रूपावरून घेतलेला आहे. या वाटेवर संगणकात अक्षराचा आकार साठवत नाहीत, अक्षर साठवतात. वेलांटी उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते आणि ती डावीकडे नेऊन दाखवण्याचे काम सॉफ्टवेअर करते.

दुसरी वाट बाजाराची, आणि बहुसंख्य लोक तिच्यावरूनच गेले. विंडोज ९५ व ९८ ला देवनागरी येत नव्हती. तेव्हा फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागीच देवनागरी आकार बसवले. महाराष्ट्रात श्रीलिपी, आकृती यांसारखी पॅकेजेस चालली, तर हिंदी पट्ट्यात कृती देव घरोघरी पोहोचला. कृती देवची मांडणी रेमिंग्टनचीच असल्याने जुन्या टंकलेखकांना काहीही नवीन शिकावे लागले नाही. पण संगणकाच्या लेखी ती देवनागरी नव्हतीच. कृती देवमध्ये ‘मराठी’ लिहिले की फाइलमध्ये लहान ई, जे, के, मोठा बी आणि लहान एच ही पाच इंग्रजी अक्षरे साठतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की हाच निरर्थक इंग्रजी मजकूर दिसतो.

आता ‘म्राठी’चा उलगडा होतो. वर्डची ऑटोकरेक्ट सोय परिच्छेदाचे पहिले अक्षर कॅपिटल करते. कृती देवमध्ये लहान ई म्हणजे म आणि मोठा ई म्हणजे अर्धा म. इंग्रजी समजून केलेली ही मदत मराठीत शब्द मोडते. ‘कमल’चे ‘क्मल’ होते ते याचमुळे. ‘स्थान’ची गोष्ट आणखी गमतीची आहे. अर्धा स मोठ्या एलवर आणि अर्धा थ मोठ्या एफवर आहे. सुरुवातीची दोन अक्षरे कॅपिटल दिसली की वर्डला वाटते शिफ्ट चुकून दाबलेली राहिली, आणि ते दुसरे अक्षर लहान करते. लहान एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. श चा अर्धा भाग एकेरी अवतरणाच्या कळेवर आहे. सरळ अवतरण वळणदार करण्याची सोय चालू असेल तर श गायब होऊन तिथे अवतरणचिन्ह येते. टूल्स मेनूतील ऑटोकरेक्ट ऑप्शन्समध्ये जाऊन या तिन्ही खुणा काढल्या की काम भागते (वर्ड २००७ मध्ये हेच वर्ड ऑप्शन्समधील प्रूफिंगखाली आहे). एखाद्याच ठिकाणी मोडतोड झाली असेल तर लगेच कंट्रोल-झेड दाबणेही पुरेसे.

रेमिंग्टन पद्धतीत शिफ्टचा वापर इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त, कारण अर्धी अक्षरे तिथेच असतात. विंडोजमध्ये मात्र शिफ्ट ओळीने पाच वेळा दाबली की स्टिकी कीजचा प्रश्न विचारला जातो आणि उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की फिल्टर कीज. फिल्टर कीज चालू झाल्यावर कळ जरा वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटत नाही, आणि माणूस नवा कीबोर्ड आणायला बाजारात जातो. अपंग व्यक्तींसाठी केलेली ही चांगली सोय आहे. कंट्रोल पॅनेलमधील ॲक्सेसिबिलिटी ऑप्शन्समध्ये तिची शॉर्टकट बंद करता येते. डावे ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले गेले तर कीबोर्डची भाषा बदलते, हाही तसाच अपघात. कृती देव निवडलेला असताना भाषापट्टीवर एमआर आले की वर्ड आपोआप मंगल फॉन्टकडे वळते आणि बोटे रेमिंग्टनची असल्याने भलतेच शब्द तयार होतात.

म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. आधी नोटपॅड उघडून इंग्रजीत सगळ्या कळा दाबून पाहाव्यात. तिथेही एखादी कळ मुकी असेल तर दोष कीबोर्डचा किंवा वायरीचा. जुन्या गोल पिनांच्या पीएस-टू जोडणीचा कीबोर्ड संगणक बंद करूनच काढावा व लावावा. नोटपॅडमध्ये सर्व ठीक असेल तर कीबोर्डला दोष देण्याचे कारण नाही. मग भाषापट्टी, फॉन्ट आणि ऑटोकरेक्ट पाहावे. जी अक्षरे ऑल्ट धरून आकडे दाबून आणायची असतात ती येत नसतील तर नम लॉक पाहावा, कारण हे आकडे उजवीकडच्या संचावरूनच द्यावे लागतात.

मंगल हा रा. कृ. जोशी यांनी रेखलेला फॉन्ट. विंडोज २००० पासून मराठी युनिकोडमध्ये लिहिणे शक्य झाले, तरी एक्सपीमध्ये (२००१) ही सोय मुळात बंदच ठेवलेली होती. रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीच्या फाइली बसवण्याची खूण केली की यंत्र मूळ सीडी मागते. अनेक घरांत ती सीडी कधी नव्हतीच. माझ्या मते युनिकोड घरोघरी पोहोचायला झालेल्या उशिरात तज्ज्ञांच्या वादांपेक्षा या न मिळणाऱ्या सीडीचा वाटा जास्त असावा. ओपनऑफिसमध्येही हीच अडचण वेगळ्या रूपात येते : तेथे सीटीएलची खूण केल्याशिवाय देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट निवडताच येत नाही.

राहिला कऱ्हाडे यांचा ऱ्हा. हिंदीत हा अर्धा र वापरात नाही, त्यामुळे हिंदी टंकलेखकावरून आलेल्या मांडणीत त्याला जागा मिळाली नाही. मराठीत मात्र त्याने अर्थ बदलतो : दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जेवर ऱ मिळतो. त्याला हलन्त जोडून पुढे ह द्यावा. जुन्या मजकुरात हेच रूप साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही केलेले आढळते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या शोधात मात्र ते दोन वेगळे शब्द ठरतात. ॲ ची तऱ्हा आणखी निराळी. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत आले. त्याआधीच्या एक्सपीवरील मंगलमध्ये ते नसल्याने त्या जागी चौकोन दिसतो.

सीडी नसेल तर अर्ज कृती देवमध्ये लिहून दुसऱ्या संगणकावर परिवर्तकाने युनिकोडमध्ये नेता येतो. परिवर्तक वेलांट्या आणि रफार बहुधा नीट हलवतो. ऱ्हा मूळ मजकुरातच नसल्याने तो आणू शकत नाही; ‘कर्हाडे’ तसेच राहते. सातबाऱ्यावर आडनाव जसे आहे तसेच अर्जात हवे, म्हणून ते एक अक्षर छपाईपूर्वी हाताने दुरुस्त करून घ्यावे.