माइल्स मॅलेसन: नट आणि लेखक

चित्रपट पाहून घरीं आल्यावर नायकनायिकांचीं नांवें सर्वांच्या ओठीं असतात; परंतु दोन मिनिटें पडद्यावर येऊन हंसवून जाणाऱ्या म्हाताऱ्याचें नांव क्वचितच कोणी विचारतो. इंग्लंडमधील अशा नटांत माइल्स मॅलेसन अग्रगण्य होता. त्याच्या गमतीदार मुद्रेमागें एक निर्भय लेखक होता, इकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

मॅलेसनचा जन्म १८८८ सालीं क्रॉयडन येथें झाला. केंब्रिज येथील शिक्षणानंतर तो रंगभूमीकडे वळला. १९१४ सालीं महायुद्ध पेटतांच तो सैन्यांत शिरला, माल्टा बेटावर गेला, आणि प्रकृतीच्या कारणास्तव १९१५ च्या प्रारंभीं मुक्त झाला. पुढें तो युद्धाचा कट्टर विरोधक बनला. 'ब्लॅक एल' या त्याच्या नाटिकेंतील तरुण शौर्याचें पदक मिळवून घरीं येतो. आप्तजन कौतुकांत दंग असतां, पुन्हां माणसें मारावयास जाण्याचें तो साफ नाकारतो. १९१६ सालीं सरकारनें या नाटिकेच्या छापील प्रती जप्त केल्या.

पुढें हाच लेखक बोलपटांत नांवारूपास आला. 'व्हिक्टोरिया दि ग्रेट' (१९३७) या राजवैभवाच्या चित्रपटाच्या पटकथेंत त्याचा हात होता. पोटापुढें तत्त्वानें मान तुकविली, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. त्याच दशकांत हॅरी ब्रुक्सच्या सहकार्यानें त्यानें 'सिक्स मेन ऑफ डॉर्सेट' हें नाटक लिहिलें. मजुरांचा संघ स्थापून गुप्त शपथ घेतली म्हणून १८३४ सालीं सहा शेतमजुरांना सात वर्षें हद्दपारीची शिक्षा झाली, त्यांची ती कथा.

१९४० सालच्या 'दि थीफ ऑफ बगदाद'ची पटकथा व संवाद मॅलेसनचे. म्हैसूरच्या माहुताचा मुलगा साबू त्यांत चोर झाला, तर खेळण्यांचा वेडा सुलतान खुद्द मॅलेसननें रंगविला. उडत्या घोड्याच्या मोहानें पोटची मुलगी दुष्टास देऊं करणारा हा राजा अखेर यांत्रिक बाहुलीच्या मिठींत मरतो. 'काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स'मध्यें (१९४९) तो ड्यूकाला फांशीं देण्याचा मान लाभला म्हणून हरखलेला फांसेकरी झाला. राजा असो कीं फांसेकरी, सत्तेचें वेड किती पोरकट असतें, हें तो हंसत हंसत दाखवीत होता. १९१६ सालीं जें उघड सांगितलें म्हणून पुस्तक जप्त झालें, त्याचाच कांहीं अंश विनोदाच्या वाटेनें तो सांगून गेला, असें आम्ही मानतों.

उत्तरायुष्यांत त्यानें मोलियेरच्या प्रहसनांचीं इंग्रजी रूपांतरें केलीं. हरिभाऊ आपट्यांच्या 'मारून मुटकून वैद्यबुवा'मुळें मोलियेर आपल्याही परिचयाचा आहे. ढोंग हंसण्यावारी नेऊन उघडें पाडणाऱ्या त्या नाटककाराकडे मॅलेसन वळावा, हें स्वाभाविकच होतें. १९६९ सालीं तो निवर्तला. मोठी भूमिका थोड्यांच्या वांट्यास येते. परंतु लहान भूमिकेंतही आपलें मत शाबूत ठेवतां येतें, हें त्याच्या चरित्रावरून आपण अवश्य शिकावें.