दहा रुपयांचा बल्ब

वीज मंडळातला वायरमन म्हणून वर्धा जिल्ह्यातलं गिरड आणि आसपासच्या गावांतली घरं मी आतून पाहिली आहेत. कुणाकडे किती होल्डर, स्वयंपाकघरात कितीचा बल्ब, गोठ्यात कितीचा, हे मला तोंडपाठ असायचं. म्हणून 'खेड्यातल्या माणसाला वीज वाचवणं कळत नाही' असं कुणी म्हटलं की मला राग येतो. दिवा निवडताना आमची माणसं नेहमीच हिशेब करत आली. तो हिशेब महिनाअखेरच्या बिलाचा नव्हता, हातातल्या रोकडीचा होता.

विजेच्या आधीही हेच होतं. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या वर्ध्याच्या मगनवाडीतून त्याचं काम चाले. तिथे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी दिव्याचाच प्रश्न हाती घेतला. कंदिलातलं रॉकेल बाहेरून येतं, त्याचा पैसा गावातून निघून जातो. तेलबिया आपल्या वावरात आणि घाणी तेल्याच्या दारात असताना दिवा रॉकेलचा कशाला? त्यातून 'मगनदीप' हा वनस्पती तेलावर जळणारा कंदील तयार झाला. काम सोपं नव्हतं. घाणीचं तेल दाट. रॉकेलसारखं ते लांब वातीतून वर चढत नाही. त्यासाठी तेल ज्योतीच्या जवळ राहील अशी रचना लागते. तेलाची बाजू सांभाळायला झवेरभाई पटेलांनी सुधारलेली मगनवाडी घाणीही होती. कुमारप्पांचा विचार मला आजही पटतो. पण रॉकेल स्वस्त होतं, आणि औषधाच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून चिंधीची वात घातली की चिमणी फुकटात तयार व्हायची. माझ्या आजीकडे तीच होती. मगनदीप मी आमच्या भागात कुणाच्या घरी पाहिला नाही.

गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. लहानपणी तिथल्या यात्रेतल्या दुकानांपुढे गॅसबत्त्या सूं सूं करत जळायच्या. तेवढा उजेड घरात पाडायची कुणाची ऐपत नव्हती.

मग तारा आल्या. कोराडीच्या वीजकेंद्राचा पहिला संच १९७४ला सुरू झाला, चंद्रपूरचं वीजकेंद्र १९८३-८४ पासून. कोळसा विदर्भाचा, धूर विदर्भाच्या अंगावर, आणि पुढे भारनियमनाच्या काळात बारा-बारा तास अंधारही आमच्याच खेड्यांत. हे मला कधीच न्याय्य वाटलं नाही. १९८८-८९ मध्ये कुटीर ज्योती योजना आली, गरिबाच्या घरात एकाच दिव्याची जोडणी देणारी. एक बत्ती! पोरगी अभ्यासाला बसली की बल्ब वायरीसकट तिच्या बाजूला ओढायचा, भाकरी करायची वेळ झाली की चुलीकडे.

तो बल्ब तारेचाच असायचा, आणि त्याला पक्कं कारण होतं. संध्याकाळी शेतातले पंप आणि गावातले दिवे एकदम लागले की २३०चं व्होल्टेज १७०वर यायचं. अशा वेळी तारेच्या बल्बचा उजेड जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येतो. निखाऱ्यासारखा लाल दिसायचा, पण लागायचा. ट्यूबलाइट मात्र नुसती फडफडायची, चोक गुणगुणत राहायचा आणि खोली अंधारीच. रात्री पंप बंद झाले की व्होल्टेज उसळायचं आणि बल्ब उडायचा. उडाला तर दहा रुपयांत दुसरा. सीएफएल उडाला तर शंभरावर पैसे गेले. एका मावशीला मी सीएफएलचे फायदे समजावून सांगत होतो. ती म्हणाली, "भाऊ, दहाचा आणला तं आजच उजेड पडते. शंभराचा आणाले पैसे कुठून आणू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एका गोष्टीत मात्र लोक खरंच फसले. झिरोचा बल्ब युनिट खात नाही, अशी पक्की समजूत होती. तो बारा ते पंधरा वॉट खातो. देवापुढे रात्रभर दहा तास जळला तर महिन्याला साडेचार युनिटं जाऊ शकतात.

२००९च्या बचत लॅम्प योजनेत जुना बल्ब देऊन पंधरा रुपयांत सीएफएल घ्यायची सोय होती. म्हणजे अडचण रोकडीची आहे, हे सरकारलाही उमगलं होतं. तरी खरा पालट एलईडीने केला. सरकारी कंपनीची घाऊक खरेदी २०१४ मध्ये बल्बामागे ३१० रुपयांनी झाली होती. २०१६ मध्ये तोच भाव ३८वर आला. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली आणि पुढे नऊ वॉटचा बल्ब सत्तर रुपयांच्या आसपास मिळू लागला. रोज पाच तास जळणारा साठचा बल्ब महिन्याला नऊ युनिटं घेतो, नऊ वॉटचा एलईडी दीड युनिटही घेत नाही. शिवाय पडत्या व्होल्टेजमध्येही त्याचा उजेड टिकतो. आमच्यासाठी ही बचतीपेक्षा मोठी गोष्ट. २०२१च्या ग्राम उजाला योजनेत तारेचा चालू बल्ब देऊन दहा रुपयांत एलईडी मिळत होता. पहिल्या टप्प्यात आमच्या शेजारच्या नागपूरचं नाव होतं. मावशीचा दहाचा भाव अखेर कागदावर आला होता.

तारेचा बल्ब अजून गेलेला नाही. थंडीत कोंबडीच्या पिल्लांना ऊब लागते, आणि एलईडी तेवढी ऊब देत नाही. त्या खोक्यात साठचा बल्बच हवा. मला काळजी आहे ती बंद पडलेल्या एलईडीची. आतले एलईडीचे दाणे बहुधा शाबूत असतात, ड्रायव्हरची छोटी प्लेट जळते. गावातला एक पोरगा ती बदलून देतो, नव्या बल्बच्या निम्म्याहून कमी पैशांत. कुमारप्पा विचारत होते तसं विचारलं, तर या दिव्याचा गावात राहणारा पैसा तेवढाच. निवृत्तीनंतर मी त्या पोराला मीटर धरायला आणि चार्ज झालेला कपॅसिटर झटका न बसता डिस्चार्ज करायला शिकवतो आहे.